घरीच

केप्याच्या मामलेदार कचेरीसमोर, बदामाखाली,
माझं देवनागरी मशीन असतं.
त्याचा ळ अर्धाच उमटतो.
या तालुक्यात ळ फार लागतो,
मी तो पेनाने पुरा करतो.

बावीस वर्षं लोकांच्या वतीने शपथ घेतो आहे:
की अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती,
की मूळ शिधापत्रिका उंदरांनी खाल्ली,
की नवरा कुवेतहून परतलेला नाही.
जूनमध्ये ॲडमिशनवाली मुलं येतात.
कॉलेज सांगितलं की यादी मीच सांगतो.
नर्सिंग? सतरा पूर्ण हवीत.
फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी.
पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला,
पांढऱ्या पाठीमागचे फोटो,
डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र,
आणि मध्ये वर्षं गेली असतील
तर ती कुठे गेली, ते स्टॅम्पपेपरवर.

रोहिता जानू वेळीप. मोरपिर्ल्याच्या बसने आली.
काजूच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद,
एकालाही घडी नाही.
बारावी होऊन दोन वर्षं झालेली.

काय करत होतीस?
मामाला कुशीवर वळवत होते, म्हणाली.
मामा पाडेली. माडावरून पडला,
कमरेखाली काही राहिलं नाही.
दर दोन तासांनी वळवायचं. रात्रीसुद्धा.
एकदा सुकी मासळी घ्यायला गेले नि बस चुकली,
तेवढ्यात टाचेला व्रण पडला.
चव्वेचाळीस दिवस लागले भरायला.
हे तिने असं सांगितलं
की जणू मी ते टाइप करणार होतो.

बाय, असं लिहीत नाहीत, मी म्हटलं.
आणि रोजचं वाक्य मारलं:
'सदर कालावधीत मी घरीच होते
व अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतलेला नव्हता.'

तिने वाचलं. हळू, ओठ हलवत.
घरी होते हे खरं, म्हणाली.
पण तो च काढा.

बावीस वर्षांत माझा एकही च कुणी काढला नव्हता.
नवा कागद म्हणजे नवा स्टॅम्प, म्हटलं.
मग खोडा.
खोडलं तर बाजूला सही लागते.
करते.
मी एका च वर तीनदा फुली मारली.
समासात तिने पूर्ण नाव लिहिलं,
मामाचं असावं तसं जपून.
मामा आता कसा आहे, हे विचारायचं राहिलं.
तिनेही सांगितलं नाही.

पेन खाली पडलं ते उचलायला ती वाकली
आणि वर आलीच नाही.
टेबलाखालून माझ्या घोट्यावर अंगठा दाबला,
तोंडातल्या तोंडात आकडे मोजले,
अंगठा काढला.
खळगा तसाच. नोटरीचा शिक्काही
इतका स्वच्छ उठत नाही.

कधीपासून?
अगं, दिवसभर बसून बसून…
रात्री उशा किती घेता?
दोन. तीन.
तिने मान हलवली. दीडशे रुपये मोजून दिले,
पिशवी छातीशी धरली
आणि नोटरीच्या दारात रांगेला लागली.
घडी न घालता.

त्या रात्री बायकोने विचारलं, पाय का दाबताय?
काही नाही, म्हटलं.
अकरापर्यंत मोजून झालं होतं.

सोमवारी मशीनवर ताडपत्री टाकली, दवाखान्यात गेलो.
बाकावर सगळी पोरं,
हातात तंदुरुस्तीचे फॉर्म,
कुणी वजनकाट्यावर आधीच चढून बघत होतं.
माझा नंबर आला.
डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता
शिक्का शाईत दाबला:
कुठल्या ॲडमिशनसाठी?

मी चप्पल काढली.